टाळी नेमकी कुणासाठी?

बेंगळुरूच्या पूर्वेला, व्हाइटफील्डकडे जाणाऱ्या रस्त्यावर महादेवपुरा लागतं. एकेकाळी शहराबाहेर असलेला हा भाग आता आयटी कंपन्या, उंच सोसायट्या आणि २०११ साली सुरू झालेला फिनिक्स मार्केटसिटी मॉल यांमुळे ओळखला जातो. पुणे, सांगली, कोल्हापूर, नागपूरकडून नोकरीसाठी आलेली मराठी कुटुंबं इथं कमी नाहीत. मल्टिप्लेक्सच्या फलकावर एकाच शनिवारी कन्नड, हिंदी, तेलुगू, तमिळ, इंग्रजी आणि अधूनमधून एखादा मराठी चित्रपट शेजारी शेजारी लागलेला असतो; घरच्या टीव्हीवर आणि मोबाइलवर तर भाषांची मोजदादच नाही. अशा घरात काय बघायचं हा प्रश्न रोजचाच, आणि गावाहून आजी-आजोबा राहायला आले की जरा जास्तच नाजूक. त्याचं उत्तर बहुतेक घरांत दोन ठरलेल्या मापांनी दिलं जातं. पहिलं माप मोजणीचं: शिव्या किती, चुंबनं किती, दारू किती, रक्त किती. दुसरं माप सुटकेचं: आठवडाभर डोकं पिकल्यावर दोन घटका करमणूक हवी, तिथं संस्कार कशाला शोधायचे? मला ही दोन्ही मापं अपुरी वाटतात. चित्रपट आपल्याला कुणाच्या बाजूला उभं करतो आणि त्या बाजूची किंमत पडद्यावर कुणाला मोजायला लावतो, तिथं त्याची नीती ठरते. ती करमणुकीतून गाळून वेगळी काढता येत नाही, कारण करमणूक मुळात तिच्यातूनच होते.

हे म्हणणं नुसतं तात्त्विक नाही. माध्यमांच्या मानसशास्त्राचे अभ्यासक डॉल्फ झिलमन यांनी १९७०च्या दशकापासून करमणुकीचा आनंद नेमका कशातून येतो याचा माग घेतला. त्यांचं निरीक्षण साधं होतं. प्रेक्षक पात्रांच्या वागण्याचा सतत निवाडा करत असतो. जे पात्र त्याला बरं वाटतं त्याचं भलं व्हावं आणि जे वाईट वाटतं त्याला धडा मिळावा, अशी त्याची इच्छा असते. तसं घडलं की त्याला आनंद होतो, घडलं नाही की चुटपुट लागते. म्हणजे ‘डोकं घरी ठेवून’ बघायच्या सिनेमातसुद्धा प्रेक्षकाच्या आतला न्यायाधीश सुट्टीवर गेलेला नसतो. खलनायकाच्या कानाखाली वाजल्यावर पडणारी शिट्टी हा एक नैतिक निकालच आहे. कामावरून थकून आलेल्या माणसानं सिनेमा बघताना नैतिक विचार करावा अशी अपेक्षा अवाजवी आहे, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. त्याला उत्तर एवढंच, की तो विचार थकलेला माणूसही करतोच. फक्त त्याच्या वतीनं तो दिग्दर्शकानं आधी करून ठेवलेला असतो.

मराठी सिनेमानं हा वाद फार लवकर आणि फार नेटका घातला, पण त्याची आठवण आपण बहुधा जुन्या गाण्यांपुरतीच ठेवली. १९३५ साली कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सनं प्रमथेश बरुआंच्या दिग्दर्शनाखाली ‘देवदास’ काढला. हिंदी आवृत्तीत कुंदनलाल सैगल होते. शरच्चंद्रांच्या कादंबरीतला हा नायक पारोला स्वीकारण्याचं धैर्य दाखवत नाही, चंद्रमुखी या गणिकेचं प्रेम नाकारतो, दारू पिऊन स्वतःला संपवतो. आणि सारा देश त्याच्यासाठी रडला. पुण्यातल्या प्रभात फिल्म कंपनीत व्ही. शांताराम यांना हे रडणं खटकलं. निराशेला असं सुंदर रूप देऊन तरुणांसमोर ठेवणं त्यांना पटेना. त्यांनी ना पत्रक काढलं, ना बंदीची मागणी केली. १९३९ साली त्यांनी ‘माणूस’ काढला. हिंदीत त्याचं नाव ‘आदमी’. नायक गणपत हा साधा पोलीस शिपाई, ती भूमिका शाहू मोडकांची. नायिका मैना ही वेश्यावस्तीतली, ती केली शांता हुबळीकरांनी. म्हणजे मोजणीचं माप लावायचं तर इथं सगळं वर्ज्य सामान हजर आहे: वेश्या, दारू, छापा, खून. गणपत मैनेला त्या जगातून बाहेर काढायची धडपड करतो, आईसमोर नेतो, लग्नाची स्वप्नं बघतो. समाज तिला सुखानं जगू देत नाही. शेवटी तिच्या हातून खून घडतो आणि ती तुरुंगात जाते. गणपत कोसळतो, देवदासच्या वाटेवर जाऊन उभा राहतो, आणि तिथून परत फिरतो. पुन्हा गणवेश चढवून कामावर जातो.

दोन्ही चित्रपटांतली सामग्री जवळपास सारखी आहे. दोन्हीकडे प्रेम फसतं, दोन्हीकडे वेश्येच्या ठायी चांगुलपणा आहे, दोन्हीकडे प्रेक्षकाचे डोळे ओले होतात. फरक आहे तो सहानुभूतीच्या वाटपात. ‘देवदास’मध्ये दोन स्त्रियांची आयुष्यं ज्यानं उधळली त्याच्या दुःखाचं आपण कौतुक करतो, पारो आणि चंद्रमुखी त्याच्या दुःखाची उंची वाढवायला उभ्या आहेत. ‘माणूस’मध्ये मैनेचं दुःख मैनेचं राहतं, आणि पुरुषानं त्या दुःखाचा वापर स्वतःच्या नाशाचं निमित्त म्हणून करायचा नाही, असं चित्रपट बजावतो. शांतारामांनी यासाठी उपदेशाचा रुक्ष मार्ग धरला नाही, हे महत्त्वाचं. ‘माणूस’ खेळकर आहे, त्यात तेव्हाच्या फिल्मी प्रणयाची टिंगल आहे, अनेक भाषांत फिरणारं शांताबाईंचं गाणं आहे. करमणूक कमी केली की नीती वाढते, असं मानणाऱ्यांनी हा चित्रपट पुन्हा बघावा. एका सिनेमाला दुसऱ्या सिनेमानं दिलेलं हे उत्तर भारतीय चित्रपटाच्या इतिहासातल्या सर्वोत्तम समीक्षांपैकी एक आहे असं मी मानतो. देवदास त्यानंतरही हिंदीत पुन्हा पुन्हा आला, गणपत शिपाई काही परत आला नाही, हेही इथं नोंदवायला हवं. आत्मनाशाला मखरात बसवणं पडद्याला सोपं जातं. दुसऱ्या दिवशी कामावर जाणारा माणूस दाखवायला जास्त कसब लागतं.

याच शांतारामांनी १९७२ साली ‘पिंजरा’ काढला, आणि तिथं प्रश्न अधिक अडचणीचा झाला. मूळ प्रेरणा १९३०च्या ‘द ब्लू एंजल’ या जर्मन चित्रपटाची. गावाला वळण लावणारे, तमाशाचा फड गावातून हुसकावून लावणारे आदर्श गुरुजी चंद्रकला या नाचणारणीच्या मोहात पडतात आणि शेवटी तिच्याच फडात तुणतुणं हातात घेऊन उभे राहतात. गुरुजी म्हणजे डॉ. श्रीराम लागू, चंद्रकला म्हणजे संध्या. गावाला वाटतं की गुरुजींचा खून झाला. गाव त्यांचा पुतळा उभारतं. पुढे गुरुजींनाच गुरुजींच्या खुनाबद्दल अटक होते. ते आपली ओळख उघड करत नाहीत आणि फासावर जातात, कारण गावाच्या मनातला आदर्श जिवंत राहावा असं त्यांना वाटतं. वरवर पाहता हा संस्कारांचा विजय. पण लोकांनी ‘पिंजरा’ पुन्हा पुन्हा बघितला तो राम कदमांच्या संगीतासाठी, जगदीश खेबुडकरांच्या लावण्यांसाठी आणि संध्याबाईंच्या नाचासाठी. तमाशा माणसाला धुळीला मिळवतो, असं सांगणारा चित्रपट तमाशाच्याच बळावर चालला. यात लबाडी आहे का? थोडी आहे. स्वातंत्र्यानंतर सरकारनं अश्लीलतेच्या नावाखाली तमाशावर काही काळ बंदी घातली होती, हे लक्षात घेतलं तर फडातल्या बाईलाच पिंजरा ठरवणारी ही कथा काही निर्मळ वाटत नाही. चंद्रकलेचा सूड गुरुजींनी केलेल्या अपमानातून सुरू होतो, आणि त्या अपमानाबद्दल गावात कुणालाही काही वाटत नाही. तरीही चित्रपट तिला पूर्ण खलनायिका होऊ देत नाही. तिचं प्रेम खरं होतं, हे तो शेवटी मान्य करतो, आणि खोट्या पुतळ्यावर गावाची नीती उभी आहे हेही आपल्याला दाखवून ठेवतो. प्रेक्षक बाहेर पडतो तो काहीसा अस्वस्थ होऊन. ही अस्वस्थता मला ‘पिंजरा’ची खरी कमाई वाटते, त्याचा बोध नाही.

काय दाखवलं आणि कशासाठी दाखवलं, यातला फरक कायद्यालाही कळतो, किमान त्याच्या चांगल्या दिवशी. १९७०च्या ख्वाजा अहमद अब्बास खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं चित्रपटांची पूर्वतपासणी वैध ठरवली. पण विषय कोणता यापेक्षा तो हाताळला कसा हे पाहायला हवं, असंही बजावलं. पुढे शेखर कपूर यांच्या ‘बँडिट क्वीन’वरून खटला झाला. त्यात नायिका फूलनला विवस्त्र करून गावातून फिरवल्याचा प्रसंग आहे. १९९६ साली न्यायालयानं तो प्रसंग वासना चाळवण्यासाठी नाही, अत्याचार करणाऱ्यांबद्दल चीड आणि तिच्याबद्दल करुणा निर्माण करण्यासाठी आहे, असं म्हणून चित्रपटाला मोकळीक दिली. मोजणीच्या मापानं हे दृश्य सरळ बाद झालं असतं. बेंगळुरूच्या जवळचं उदाहरण ‘संस्कार’चं. यू. आर. अनंतमूर्तींच्या कादंबरीवरचा, पट्टाभिराम रेड्डींचा, गिरीश कर्नाड यांची प्रमुख भूमिका असलेला हा १९७०चा कन्नड चित्रपट मद्रासच्या सेन्सॉरनं आधी अडवला. तोच पुढे राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट ठरला. अग्रहारातल्या ब्राह्मणांचा ढोंगीपणा त्यात होता. त्यानं कुणाचे संस्कार बिघडणार होते? ज्यांचे उघडे पडणार होते त्यांचे, इतकंच. आणि आज? पडद्यावर सिगारेट पेटली की खाली आरोग्याचा इशारा झळकतो, नियमच आहे. तोच हात बाईच्या थोबाडीत बसला तर कुठलीही पट्टी येत नाही. पट्टी यावी असं माझं मुळीच म्हणणं नाही. मोजता येतं तेवढंच यंत्रणेला दिसतं, हे दाखवायचं आहे.

आता मोठा आक्षेप. सिनेमानं कुणी बिघडत नाही आणि कुणी सुधारत नाही, लोक खेळ बघून घरी जातात, असं म्हणणारे पुष्कळ आहेत. चित्रपट बघून कुणी गुन्हा केला, या बातम्यांवर मीही फारसा विश्वास ठेवत नाही. एका माणसाच्या गुन्ह्याला शंभर कारणं असतात. पण सवयीनं, रोज, अनेक वर्षं बघितलेल्या गोष्टींचा परिणाम होतो याला चांगला पुरावा आहे. रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर या अर्थशास्त्रज्ञांनी २००१ ते २००३ या काळात बिहार, हरियाणा, तामिळनाडू, दिल्ली आणि आपला गोवा इथल्या पाहणीतून, गावात केबल टीव्ही आल्यावर काय बदलतं ते तपासलं. २००९ साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. जिथं केबल नव्यानं पोहोचली तिथं नवऱ्यानं मारणं योग्य आहे असं म्हणणाऱ्या स्त्रिया कमी झाल्या, मुलगाच हवा हा हट्ट कमी झाला, घराबाहेर पडण्याची आणि निर्णयांत बोलण्याची मोकळीक वाढली. गंमत अशी की तो काळ सासू-सुनेच्या मालिकांच्या भराचा. ज्या मालिकांना शहरातले शहाणे लोक नाकं मुरडत होते त्यांच्यातूनच खेड्यातल्या बाईनं वेगळं घर, शिकलेली, मिळवती बाई, पैशाचा व्यवहार करणारी सून पाहिली असावी. कर्नाटकातही अशी एक आठवण सांगितली जाते. १९७२च्या ‘बंगारद मनुष्य’मध्ये डॉ. राजकुमार यांनी माळरान फुलवणारा राजीव रंगवला आणि शिकलेली मुलं गावी परतून शेती करू लागली, असं लोक आजही बोलतात. पडद्यावर दारू-सिगारेटला हात न लावण्याबद्दल राजकुमारांची ख्याती होती. त्याच कन्नड सिनेमाचा देशभर गाजलेला नायक पुढे ‘केजीएफ’मधला गुंड रॉकी झाला. कुणी याला घसरण म्हणेल. मला तो काळाचा फरक वाटतो, पण फरक आहे हे नाकारता येणार नाही.

परिणाम होतो हे मान्य केलं की लगेच उपदेशाचा मोह होतो, आणि तिथं दूरदर्शनच्या ‘हम लोग’चा धडा उपयोगी पडतो. १९८४ साली सुरू झालेली मनोहर श्याम जोशींची ही मालिका ठरवून संस्कारांसाठी काढलेली होती. मेक्सिकोत मिगेल साबिडो यांनी कुटुंबनियोजनासाठी मालिकांचा जो उपयोग केला, त्यावरून ती बेतली होती. भागाच्या शेवटी अशोककुमार येऊन सार सांगत. मुकाट्यानं सोसणारी आई, भागवंती, ही ‘असं वागू नका’ म्हणून रचलेली व्यक्तिरेखा. अरविंद सिंघल आणि एव्हरेट रॉजर्स यांनी प्रेक्षकांचा अभ्यास केला तेव्हा अनेकांना तीच आदर्श वाटलेली दिसली. अशोककुमार काय सांगत होते यापेक्षा कॅमेरा भागवंतीच्या चेहऱ्यावर किती प्रेमानं रेंगाळतो, याचा प्रभाव जास्त पडला. नीतीचं सार शेवटी वेगळं वाढता येत नाही. ते कथेत शिजलेलं असेल तरच अंगी लागतं.

या कसोटीवर २०२३ साली १ डिसेंबरला आलेला ‘ॲनिमल’ पाहू. संदीप रेड्डी वांगा यांचा हा तीन तास एकवीस मिनिटांचा चित्रपट ‘ए’ प्रमाणपत्राचा होता आणि प्रचंड चालला. बेंगळुरूच्या मल्टिप्लेक्समध्येही त्याला प्रेक्षकांचा तोटा नव्हता. जानेवारी २०२४ मध्ये छत्रपती संभाजीनगरला झालेल्या अजिंठा-वेरूळ चित्रपट महोत्सवात जावेद अख्तर यांनी नाव न घेता प्रश्न केला: पुरुष बाईला आपला बूट चाटायला सांगतो असा चित्रपट सुपरहिट होत असेल तर ती धोक्याची गोष्ट नाही का? जबाबदारी त्यांनी निर्मात्यांपेक्षा प्रेक्षकांवर जास्त टाकली. चित्रपटाच्या चाहत्यांचं उत्तर तयार होतं: दाखवणं म्हणजे पाठराखण करणं नव्हे, नायक बिघडलेला आहे हे नावातच सांगितलंय. तत्त्व म्हणून हे उत्तर शंभर टक्के बरोबर आहे. ते चुकीचं मानलं तर ‘पिंजरा’ही बाद, ‘बँडिट क्वीन’ही बाद. पण तत्त्व बरोबर असलं तरी त्यानं ‘ॲनिमल’ सुटत नाही. नायकाच्या क्रूरतेची झळ ज्यांना बसते त्यांच्या जवळ चित्रपट किती वेळ थांबतो? पत्नीचा संताप येतो, एक जोरदार प्रसंगही मिळतो, आणि कथा पुन्हा नायकाच्या जखमेकडे धावते. हिंसा नाचण्याजोग्या संगीतावर बसवलेली आहे. बाप लक्ष देत नव्हता, या एका दुःखापुढे बाकी सगळ्यांची दुःखं तपशील ठरतात. हा देवदासच आहे; फरक इतकाच की यानं बाटलीऐवजी बंदूक धरली. झिलमन यांच्यानंतरचे अभ्यासक आर्थर रेनी यांनी एक दुरुस्ती सुचवली होती, ती इथं लागू पडते. नायक कोण हे आपल्याला आधीच कळलेलं असतं. आपण त्याला आधी पसंत करतो आणि मग त्याच्या वागण्याला कारणं शोधतो. लाडक्या नटाची धडाक्यात एंट्री झाली, शिट्ट्या पडल्या, की पुढचे कितीतरी गुन्हे आपण आगाऊ माफ केलेले असतात. दिग्दर्शकाला हे पक्कं ठाऊक असतं. म्हणून ‘आम्ही फक्त दाखवलं’ हे म्हणणं भाबडं नाही, सोयीचं आहे.

‘सैराट’ची गोष्ट याच्या नेमकी उलट. नागराज मंजुळे यांचा हा चित्रपट २९ एप्रिल २०१६ला आला तेव्हा शाळकरी पोरांना पळून जायला शिकवतो, अशी ओरड झाली होती. मोजणीच्या मापानं पाहिलं तर टीकाकारांकडे मुद्दे होते: कोवळं वय, वर्गातलं प्रेम, शिक्षकावर हात उगारणारा पाटलाचा पोरगा. चित्रपटानं पहिल्या भागात अजय-अतुलच्या संगीतावर सगळ्यांना नाचवलं. प्रेक्षक आर्ची-पार्श्या या वेगवेगळ्या जातींतल्या प्रेमी जोडीच्या बाजूनं पूर्णपणे गेला, आणि मग त्या बाजूची किंमत चित्रपटानं दाखवायला सुरुवात केली. हैदराबादची झोपडपट्टी, कष्ट, संशय, भांडण, संसार. शेवटी रक्तात माखलेली लहान पावलं, आणि संगीत पूर्ण बंद. ज्यांनी मध्यंतरापूर्वी टाळ्या वाजवल्या त्यांना त्या शांततेत कळतं की आपण कुणासाठी टाळ्या वाजवल्या होत्या, आणि गावात कुणाच्या बाजूनं गप्प बसतो. करमणूक हा इथं नीतीचा आडपडदा नाही. ती नसती तर शेवट अंगावर आलाच नसता.

महादेवपुऱ्यासारख्या बहुभाषिक वस्तीत राहणाऱ्याला एक फायदा आहे. एकच गोष्ट वेगवेगळ्या भाषांत बघून, प्रत्येक ठिकाणी काय कापलं गेलं ते त्याला तपासता येतं. ‘सैराट’ची कन्नड आवृत्ती ‘मनसु मल्लिगे’ २०१७ साली आली. नायिका पुन्हा रिंकू राजगुरूच. २०१८ला हिंदीत ‘धडक’ आला. गोष्ट उदयपूरला गेली, पळून जाण्याचं ठिकाण कोलकाता झालं, आणि जात जवळजवळ अदृश्य झाली. मुलगी श्रीमंत, बाप राजकारणी, घराण्याची इज्जत, एवढंच उरलं. शिवी नाही, अंगप्रदर्शन नाही, ‘धडक’ कुटुंबासह आरामात बघता येतो. पण ज्या कारणासाठी ‘सैराट’मधली ती दोन मुलं मारली जातात ते कारणच बाजूला ठेवलं, तर प्रेक्षकाला कुठलाच हिशेब द्यावा लागत नाही. स्वच्छ चित्रपट आणि प्रामाणिक चित्रपट या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि अनेकदा सोय म्हणून आपण पहिल्यालाच संस्कारी म्हणतो.

मालिकांबद्दल आपण जास्त बेसावध असतो, कारण त्या जेवणाच्या ताटासमोर लागतात आणि त्यांत आक्षेपार्ह असं काही दिसत नाही. २०१६ ते २०२१ चाललेली ‘माझ्या नवऱ्याची बायको’ घ्या. नागपूरची राधिका फसवणाऱ्या नवऱ्यापुढे, गुरुनाथपुढे, रडत बसत नाही, मसाल्याचा उद्योग उभा करते. इथपर्यंत उत्तम. पण मालिका वर्षानुवर्षं चालायची तर गुरुनाथला वर्षानुवर्षं फसवत राहावं लागतं, आणि रोज फसवणारा माणूस रोज चीड आणू शकत नाही. हळूहळू तो विनोदी झाला. त्याच्या थापा, त्याच्या फजित्या, त्याची प्रेयसी शनाया हिचा नखरा हीच करमणूक बनली. बायकोला फसवणं ही गमतीची गोष्ट झाली, एकाही अश्लील शब्दाशिवाय, आजी-आजोबा आणि नातवंडं एकत्र बसलेली असताना. त्यामानानं २०१९ला सुरू झालेल्या ‘आई कुठे काय करते’नं निदान अरुंधतीचा घटस्फोट आणि पुनर्विवाह बोलण्याचा विषय केला. बंगाली ‘श्रीमयी’वरून आलेली ही कथा हिंदीत ‘अनुपमा’ झाली. तिन्ही भाषांत घरचा स्वयंपाक करणाऱ्या बाईला नवऱ्याशिवाय आयुष्य असू शकतं, हे रोज रात्री सांगितलं गेलं. पुढे मालिका ताणली गेली, रेंगाळली, हे खरंच. तरी सहानुभूती कुणाला द्यायची, याबाबत तिचा गोंधळ कमी होता.

मग बंदी घालावी का, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर नाही असं आहे, आणि त्याला कारण दादा कोंडके. १९७१च्या ‘सोंगाड्या’पासून दादांनी सेन्सॉरला दमवलं. संवादाचा सरळ अर्थ निर्दोष, दुसरा अर्थ ऐकणाऱ्याच्या डोक्यात; कात्री चालवायची तर कुणाच्या डोक्यावर? सलग नऊ रौप्यमहोत्सवी चित्रपटांसाठी गिनीज बुकात नोंद झालेल्या या माणसाला मध्यमवर्गीय मराठी घरांनी बराच काळ उंबऱ्याबाहेर ठेवलं. त्यांचे उत्तरार्धातले चित्रपट, विशेषतः हिंदीतले, मला निव्वळ ओंगळ वाटतात; तिथं बाई म्हणजे फक्त शेऱ्याचं निमित्त. पण ‘सोंगाड्या’तला भाबडा नाम्या किंवा ‘पांडू हवालदार’मधला शिपाई कुणावर हसवतात ते पाहा. हसू येतं ते बहुतेक वेळा लाच खाणाऱ्यावर, दरडावणाऱ्यावर, सभ्यतेचा आव आणणाऱ्यावर. कमकुवत माणसाचा छळ गमतीचा आहे असं ते सुरुवातीचे चित्रपट सांगत नाहीत. म्हणून माझा निकाल असा: घरातल्या बारा-तेरा वर्षांच्या मुलाला ‘सोंगाड्या’तला वात्रटपणा ऐकू आला तर त्याचं जितकं नुकसान होईल, त्याहून अधिक रोज साडेसात-आठच्या मालिकेत फसवणुकीवर हसण्याची सवय लागून होतं.

सरकारनं २०२४च्या नव्या नियमांनी ‘यूए’ प्रमाणपत्राचे सात, तेरा आणि सोळा वर्षं असे तीन टप्पे केले आहेत. ‘ए’ प्रमाणपत्राच्या चित्रपटाला अठरा वर्षांखालच्या मुलाला चित्रपटगृहात सोडता येत नाही. ‘यूए’चा निर्णय मात्र आईवडिलांवर सोपवलेला आहे. तो निर्णय घेताना शिव्या मोजू नयेत असं मी म्हणत नाही, जरूर मोजाव्यात. फक्त चित्रपट किंवा मालिका संपल्यावर टीव्ही बंद करून घरातल्या मुलांना दोन प्रश्न विचारा: तुला यातलं कोण आवडलं, आणि त्याच्यामुळे कुणाला त्रास झाला? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मुलाला आठवत नसेल, तर तो चित्रपट त्याच्याबरोबर पुन्हा एकदा बघा.